उतारात उतरायचं की काठावर पसरायचं? भारत भवन आणि कला अकादमी शेजारी ठेवून

तळ्याकाठी किंवा टेकडीच्या उतारावर जागा आहे, तिथे खुला रंगमंच, कलादालन, चार माणसांना बसायला-फिरायला सावली, असं काही उभारायचंय आणि ते आजूबाजूच्या निसर्गाला खुपता कामा नये. ही इच्छा अनेक नगरपरिषदा आणि संस्था बोलून दाखवतात आणि मग परदेशी फोटो गोळा करायला लागतात. त्याआधी चार्ल्स कोरियांच्या दोन इमारती नीट पाहाव्यात: भोपाळचं भारत भवन आणि पणजीची कला अकादमी. वास्तुकार एकच, काळ साधारण तोच, दोन्ही पाण्याच्या काठी, आणि तरी दोन अगदी वेगळी उत्तरं.

भारत भवन 1982 मध्ये खुलं झालं. ते बड्या तालाबाच्या काठच्या उतारात बसवलंय. रस्त्याच्या बाजूने आत गेलं की इमारत अशी दिसतच नाही. दिसतात त्या टप्प्याटप्प्याने उतरत जाणाऱ्या गच्च्या आणि पलीकडचं पाणी. पायऱ्या उतरू लागलं की खोलगट चौक लागतात आणि त्यांच्या कडेने दालनं उघडतात: आदिवासी आणि आधुनिक कला एका छताखाली आणणारं रूपंकर, कवितेचं वागर्थ, संगीताचं अनहद. आत उजेड येतो तो वरून, काँक्रीटच्या कवचांतून आणि कठड्यालगतच्या फटींतून. बहिरंग हे खुलं प्रेक्षागृह तलावाकडे तोंड करून आहे. नाटकाला पडदा लावायची गरजच नाही. जमिनीत शिरलेल्या भिंती मे महिन्यातही लवकर तापत नाहीत, हा आणखी एक फायदा.

पण हा मार्ग घेणाऱ्याने मातीचं वजन आधी मांडावं. गच्चीवर फूटभर माती टाकून हिरवळ करायची, तर ती भिजल्यावर चौरस मीटरला अर्धा टन भरते. तेवढा भार पेलणारा स्लॅब, त्यावर गळती रोखणारा थर, त्यावर पाणी वाहून नेणारा खडीचा थर, हे सगळं आलं. भोपाळात वर्षाला साधारण 1,100 मिमी पाऊस पडतो, कोकण-गोव्यात 3,000 च्या आसपास. आपल्याकडे श्रावणात उतारावर जागोजागी उपळ फुटतात. तेच पाणी जमिनीत पुरलेल्या भिंतीच्या पाठीशी साचून भिंतीला रेटतं. भिंतीमागे दगडगोट्यांची भरती आणि पाणी बाहेर पडायला भोकं ठेवली नाहीत, तर पाचसात पावसाळ्यांत दालनाला बुरशीचा वास लागतो आणि चित्रं खराब होतात. दुसरी अडचण चढउताराची. 1:12 च्या उताराने व्हीलचेअर चार मीटर खाली न्यायची, तर 48 मीटर रॅम्प लागतो, मधले थांबे वेगळे. तो पहिल्या आराखड्यातच हवा. मागाहून चिकटवलेला रॅम्प निम्मं सौंदर्य घालवतो.

कला अकादमी सपाट जागेवर आहे, कांपालला मांडवीच्या काठी. तिथे लपायला उतार नाही, म्हणून इमारत ठेंगणी ठेवून पसरवली. दर्शनी भागातल्या पर्गोलाच्या, म्हणजे वर नुसत्या उघड्या तुळयांच्या मांडवाच्या, सावलीतून रस्त्यावरचा माणूस चालत चालत नदीपर्यंत पोचतो. तिकीट नको, कार्यक्रम नको, आत काय चाललंय याची माहितीही नको. मला या इमारतीचं सर्वांत मोठं यश हेच वाटतं. दीनानाथ मंगेशकर कला मंदिरात मराठी नाटक रंगलेलं असताना बाहेर कोणी नुसतं वारा खायला आलेलं असतं. सभागृहाच्या भिंतींवर व्यंगचित्रकार मारियो मिरांडांनी रंगवलेले सज्जे आणि त्यांतली माणसं आहेत, त्यामुळे आतही गावातच बसल्यासारखं वाटतं.

खर्चाची बाजू इथेही आहे, फक्त ती देखभालीत निघते. खाऱ्या हवेत सळई गंजते, फुगते आणि काँक्रीटचे पापुद्रे सुटतात. पर्गोलाच्या सडपातळ तुळयांना याचा धोका जास्त. किनारी हवेला उघड्या असलेल्या काँक्रीटसाठी आयएस 456 हे काँक्रीट बांधकामाचं भारतीय मानक सळईवर 45 मिमी काँक्रीटचं आवरण मागतं. कंत्राटदाराच्या हातात ते कमी होऊ न देणं हे देखरेख करणाऱ्याचं काम. जुलै 2023 मध्ये नूतनीकरण चालू असताना अकादमीच्या खुल्या रंगमंचावरचं छत कोसळलं. अशा वास्तूला दरवर्षी तपासणी आणि डागडुजीचा स्वतंत्र निधी लागतो, हे बांधायच्या आधी ठरावात लिहून घ्या. शिवाय आज भरती-ओहोटीच्या पाण्याकाठी काही करायचं तर आधी सीआरझेडची, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राच्या नियमांखालची, परवानगी बघावी लागते.

कोणी तिसरा मार्ग सुचवेल, पॅसिफिक महासागरातल्या न्यू कॅलिडोनिया बेटावरच्या तजिबाऊ सांस्कृतिक केंद्राचा. इटालियन वास्तुकार रेंझो पियानोंनी 1998 मध्ये तिथे 28 मीटरपर्यंत उंच, लाकडी, झोपड्यांच्या आठवणीने घडवलेले आकार उभे केले. देखणं काम आहे. पण आफ्रिकेतलं इरोको लाकूड आणून उभारायचं ते बजेट तालुक्याच्या गावाला झेपणारं नाही.

मग निवड कशी करावी? देशावर, कमी पावसाच्या भागात, जागेला चांगला उतार आणि खाली पाणी असेल तर भारत भवनाच्या वाटेने जा. तिथे जमिनीवर ठळक इमारत उभी करणं म्हणजे उतार वाया घालवणं. कोकणात मात्र उतार असला तरी मी खोदायला सांगणार नाही. जांभ्याचं जोतं टप्प्याटप्प्याने उतरवा, वर भिंतींच्या बरंच पुढे आलेलं कौलारू छप्पर द्या, भिंती शक्य तितक्या कमी ठेवा आणि कला अकादमीसारखी आरपार चालायची वाट मोकळी सोडा.

काहीही निवडलंत तरी वास्तुकार नेमण्यापूर्वी दर अर्ध्या मीटर उंचीला एक रेषा दाखवणारा समोच्च रेषांचा नकाशा करून घ्या, त्यावर प्रत्येक मोठं झाड आणि त्याचा घेर दाखवायला सांगा. व्हेनिसच्या नॉर्डिक पॅव्हेलियनमध्ये (1962) वास्तुकार स्वेर फेन यांनी झाडं छपरातून वर जाऊ दिली, ती झाडं आधीच मोजमापात होती म्हणूनच. आणि मोजणीवाल्याला एकदा जुलैत जागेवर पाठवा, पाणी कुठून येतं आणि कुठे जातं ते त्याच नकाशावर उतरवायला.