उशी की एडी? एकच रात्र मोकळी असेल तर

साठच्या दशकातल्या मनस्वी, बंडखोर मॉडेलवरचा चरित्रपट बघायचा म्हटलं की दोन नावांपाशी घोडं अडतं. जर्मन ‘दास विल्डे लेबन’ (२००७) आणि अमेरिकन ‘फॅक्टरी गर्ल’ (२००६). वरवर दोन्ही सारखेच, पण बघून उठताना मन अगदी वेगळं असतं.

जर्मन चित्रपट उशी ओबरमायरचा. म्युनिकमधलं घर सोडून ती १९६८ मध्ये बर्लिनच्या ‘कोमून १’ या बंडखोर तरुणांच्या सामूहिक घरात येते आणि तिथल्याच राइनर लांगहान्सबरोबर राहू लागते. मग रोलिंग स्टोन्स या रॉक बँडची मंडळी भेटतात आणि शेवटी हॅम्बुर्गच्या डीटर बॉकहॉर्नसोबत बसमधून थेट भारतापर्यंतचा प्रवास. त्यांचं लग्नही इथेच, भारतीय पद्धतीने लागतं. नताल्या अवेलोन उशी म्हणून शोभते, तिच्यावरून नजर हटत नाही. तक्रार एकच: ज्या विद्यार्थी चळवळीतून ते कोमून उभं राहिलं, ती इथे नेपथ्यापुरती उरते. खऱ्या उशीलाही राजकारणात फारसा रस नव्हता म्हणतात, तरी दिग्दर्शक आखिम बोर्नहाकला असायला हरकत नव्हती. फोटोंचा अल्बम चाळावा तसे प्रसंग सरकतात. पण ही बाई कुणाची माफी मागत नाही आणि चित्रपटही तिला मागायला लावत नाही. या प्रकारच्या चित्रपटांत हे दुर्मीळच.

‘फॅक्टरी गर्ल’मधली एडी सेजविक मात्र मुक्त कमी, पोरकी जास्त. श्रीमंत घरातली ही मुलगी न्यूयॉर्कला येते, चित्रकार अँडी वॉरहॉलच्या चंदेरी भिंतींच्या ‘फॅक्टरी’ या स्टुडिओत वर्षभर राणीसारखी मिरवते आणि मग तिथून नकोशी होते. १९७१ मध्ये, अवघ्या २८व्या वर्षी ती गेली. सिएना मिलरने जीव ओतलाय, पण मला लक्षात राहिला तो गाय पियर्सचा वॉरहॉल. आवाज न चढवता माणूस किती निष्ठुर होऊ शकतो ते त्याच्याकडे बघून कळतं. एडीच्या आयुष्यात येणारा इथला गायक बेतलाय बॉब डिलनवर, पण डिलनच्या वकिलांनी दाव्याचा इशारा दिल्यामुळे त्याला डिलन म्हटलेलंच नाही. ती पात्ररचना लंगडी वाटते ती वाटतेच.

फरकाचं मूळ मला इथे दिसतं. उशी हयात होती, तिची बाजू मांडायला ती स्वतः होती. एडीविषयी मात्र दुसऱ्यांनीच बोलायचं.

तेव्हा भटकंती, संगीत, ‘लोक काय म्हणतील’ला फाट्यावर मारणं हवं असेल तर उशी. जर्मन संवादांसाठी उपशीर्षकं वाचायची तयारी मात्र ठेवा. अभिनय हवा असेल, वेळ दीडच तास असेल आणि जड मनाने झोपायला हरकत नसेल तर एडी. दोन्हींत नग्नता आणि नशा भरपूर आहे, घरच्यांसोबत नकोच.

मी उशीला निवडेन. एडी लावलीत तर श्रेयनामावली सुरू होताच टीव्ही बंद करू नका, तिला प्रत्यक्ष ओळखणारी माणसं तिथे बोलतात.