आत्मचित्र लिनोवर की लाकडावर?

फाइन आर्टच्या शेवटच्या वर्षाला ‘माझी ओळख’ किंवा ‘मनातली अस्वस्थता’ असा विषय घेतला आणि माध्यम प्रिंटमेकिंग (ठोकळा कोरून, शाई लावून कागदावर छाप काढणं) ठरलं, की बहुतेकांची गाडी इथे अडते: ठोकळा लिनोचा, म्हणजे लिनोलियमच्या मऊ पत्र्याचा घ्यायचा, की लाकडाचा, म्हणजे प्लायवुडचा? कोरण्या आणि रोलर दोन्हींना तेच लागतात, शाईही तीच. विद्यार्थी असताना मी दोन्हींवर स्वतःचा चेहरा कोरला आणि डिस्प्लेला लाकडावरचा लावला. तुमचा विषय वेगळा असेल तर तुमचा निर्णयही वेगळा होईल, हे आधीच सांगून ठेवतो.

लिनोला लाकडासारख्या शिरा नसतात, म्हणून कोरणी कुठल्याही दिशेला सारखीच चालते. चष्म्याची गोल कड, पापण्या, साडीच्या काठावरची नक्षी हे सगळं मनासारखं उतरतं. अक्षरांसाठी तर लिनोच बरा. ओळखीचा विषय म्हटलं की चित्रात स्वतःचं नाव, गावाचं नाव, आजीच्या हस्ताक्षरातली एखादी ओळ येतेच, आणि देवनागरीची वळणं प्लायला मानवत नाहीत. शिरांना आडवी कोरणी गेली की वरच्या थराची सालपटं निघतात आणि ‘ळ’ची दोन्ही वाटोळी एक होऊन जातात. कोरण्याआधी चपड्याच्या (लाखेच्या) पॉलिशचा पातळ हात मारला तर त्रास कमी होतो, पण संपत नाही. लिनो जुना असेल तर तोही कडक होऊन कडांना भुगा पडतो. थोडा वेळ उन्हात ठेवला की पुन्हा मऊ येतो.

लिनोत भावना उतरत नाही, असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. चित्रकार नंदलाल बोसांचं १९३० सालचं काठी घेऊन निघालेल्या गांधीजींचं चित्र लिनोकटच (लिनो कोरून काढलेला छाप) आहे: काळ्या पार्श्वभूमीवर मोजक्या पांढऱ्या रेषा आणि पूर्ण निर्धार. चित्रकार चित्तप्रसाद मुंबईत अंधेरीला राहायचे. राबणाऱ्या मुलांची त्यांची लिनोचित्रं पाहून आजही गलबलतं.

माझं घोडं अडलं ते छाप काढताना. सबमिशनच्या दिवसांत कॉलेजचा प्रेस (दाब देऊन छाप काढायचं यंत्र) मोकळा मिळणं कठीण, म्हणून छाप घरीच, कागदाच्या पाठीवर चमचा घासून काढायचा. माझ्या चित्रात अर्धा चेहरा अंधारात होता, म्हणजे गाल, कानशील आणि मानेपर्यंत सलग काळा. लिनोवर हा काळा भरतच नाही. मीठ सांडल्यासारखे बारीक पांढरे ठिपके राहतात, तेही नेमके गालावर. शाई वाढवली की ठिपके जातात, पण पापण्यांच्या रेषा बुजतात. शाई कमी केली की पापण्या मोकळ्या होतात आणि ठिपके परत हजर. कागद ओलसर करून पाहिला, चमचा जोर लावून घासला. फरक पडला, पण बघणाऱ्याची नजर आधी ठिपक्यांवरच जायची. तो चेहरा दुःखी न दिसता नीट न छापलेला दिसायचा, आणि मला ते फार लागायचं.

तोच चमचा, तोच कागद आणि तीच शाई घेऊन प्लायवर छाप काढला. काळा इथेही पूर्ण भरला नाही. पण जे पांढरं राहिलं ते शिरांच्या दिशेने, कपाळापासून हनुवटीपर्यंत ओढल्यासारखं, आणि ते त्वचेचाच भाग वाटत होतं. मी कोरलेल्या नव्हत्या अशा रेषा चेहऱ्यावर आल्या होत्या आणि त्यांच्यामुळे चेहरा खरा वाटू लागला. पुढच्या ठोकळ्याला मी कोरण्याआधी तारेचा ब्रश फिरवून शिरा आणखी वर काढल्या. नॉर्वेचा चित्रकार एडवर्ड मुंकनेही आपल्या वुडकटमध्ये (लाकूड कोरून काढलेल्या छापांत) शिरा अशाच उघड्या ठेवल्या आहेत. जर्मन चित्रकर्ती कॅथे कोल्विट्झ तर आधीपासून एचिंग (धातूच्या पत्र्यावरून छाप) आणि लिथोग्राफीत (दगडावरून छाप) मुरलेल्या. १९१४ साली पहिल्या महायुद्धात त्यांचा मुलगा गेला. त्या युद्धावरची सात चित्रांची मालिका त्यांनी १९२१-२२ मध्ये केली, तेव्हा हातातली दोन्ही माध्यमं बाजूला ठेवून लाकूड घेतलं. त्यातले आईबाप पाहिले की हे नाजूक रेषेत मावलं नसतं, असं मला दर वेळी वाटतं.

तुम्हाला प्रेस हवा तेव्हा मिळत असेल, तर माझी अर्धी तक्रार गळून पडते. चांगल्या दाबाखाली लिनोचा काळा भरीव येतो. चित्र मुख्यतः रेषेचं असेल, अक्षरं भरपूर असतील, तर लिनो घ्या. पण मोठा अंधार हवा असेल आणि छाप हातानेच काढायचे असतील, तर मी प्लाय सुचवेन, आणि ठोकळा फुटाहून लहान नको, कारण छोट्या चेहऱ्यात शिरांना वाव मिळत नाही. अक्षरं सोडवतच नसतील, तर चेहरा प्लायवर आणि अक्षरांची पट्टी वेगळ्या लिनोवर कोरा. फक्त लिनोखाली एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड) चिकटवून दोन्हींची उंची सारखी करून घ्या, नाहीतर प्रेसवर दाब एकीकडेच पडतो.