‘काय करणार हायसा?’ विचारणारं मटणाचं दुकान

कोल्हापुरात मटणाच्या दुकानाचा रिव्ह्यू लिहायची वेळ सहसा कुणावर येत नाही, ज्याचा त्याचा खाटीक ठरलेला असतो, बापाचा होता तोच पोराचा. पण आम्ही घर बदललं, शिवाजी पेठेतनं राजारामपुरीकडं आलो आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा प्रश्न पडला की आता रविवारचं मटण आणायचं कुठनं.

पहिल्या रविवारी एका चकाचक दुकानात गेलो, काच, एसी, ट्रेमध्ये पॅक करून ठेवलेला ‘करी कट’. नाव घेत नाही. घरी आणून शिजवलं तर निम्म्या फोडी भुगा आणि निम्म्या चिवट. आईनं एक फोड चावून बघितली आणि म्हणाली, “हे एकाच जनावराचं तरी हाय का?” असेलही एकाच जनावराचं, पण मान, मांडी, चाप (पाठीकडची बरगडीची फोड), सगळं एकत्र कालवलेलं, आणि प्रत्येकाला शिजायला लागणारा वेळ वेगळा. मान शिजेपर्यंत चापेचा चोथा होतो. करी कट म्हणजे खरं तर दुकानदाराच्या सोयीचा कट.

पुढच्या रविवारी शेजारच्यांनी गल्लीच्या टोकाचं छोटं दुकान दाखवलं. बोर्ड धड वाचता येत नाही. ओंडका, सत्तूर, दोन जनावरं लटकवलेली आणि मालक, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात. मी म्हटलं एक किलो द्या. अण्णांनी सुरी खाली ठेवली आणि विचारलं, “काय करणार हायसा? रस्सा का सुक्कं?” बास, इथंच पाच स्टार.

मी म्हटलं दोन्ही, तांबडा-पांढरा आणि थोडं सुकं. मग अण्णांनी पुढचा फरा (म्हणजे खांद्यासकट पाय) घेतला, मान घेतली, सीन्याच्या म्हणजे छातीच्या दोन-तीन पट्ट्या आणि नळ्या, हे सगळं एका बाजूला, म्हणाले ह्याचं अळणी, म्हणजे बिनमसाल्याचं उकडीचं पाणी, काढा. आणि सुक्यासाठी मागच्या फऱ्याच्या फोडी आणि चार चापा वेगळ्या पिशवीत. दोन पिशव्या! आजवर कुणी दिल्या नव्हत्या.

कारण साधं आहे पण मला ते नीट कळलं पुतण्या आल्यावर. तो असतो मेलबर्नला, आणि तिकडच्या स्टेकबद्दल बोलायला लागला की थांबत नाही, रिबआय, टेंडरलॉइन हे बीफचे कट, अँगस, वाग्यू ह्या जनावराच्या जाती. (इकडं २०१५ पासून बैलसुद्धा गोवंश हत्याबंदीत आला, त्यामुळं आमच्या ताटात तो विषय नाही, ऐकायला काय जातंय.) त्याचं म्हणणं, जनावराच्या पाठीकडच्या स्नायूला काम कमी म्हणून तो मऊ, तव्यावर दोन-तीन मिनिटं इकडनं, दोन-तीन मिनिटं तिकडनं, झालं. मान, खांदा, पाय दिवसभर राबतात म्हणून चिवट, तिथं कोलॅजन म्हणजे स्नायू बांधणारा चिवट पदार्थ जास्त, तो मंद आचेवर बराच वेळ शिजवलं की विरघळून त्याचं जिलेटीन होतं. आता हे ऐकल्यावर मी त्याला म्हटलं, बाळा, पांढऱ्या रश्श्याला ओठ चिकटतात ना, ते हेच. नारळाचं दूध, तीळ, खसखस नंतर, आधी हाडाचं आणि मानेचं अळणी पाहिजे. नुसत्या मांडीच्या बोनलेसचा पांढरा रस्सा करून बघा, गरम दूध प्याल्यासारखं लागतं.

आमची चाप म्हणजे त्यांचा रिबआय ज्या पाठीच्या पट्ट्यातनं निघतो तिथलीच, फक्त बरगडीच्या हाडासकट आणि जनावर लहान. पुतण्यानं अण्णांकडनं जाड चापा तोडून घेतल्या, तव्यावर तूप, मीठ, मिरपूड, एवढंच. चांगल्या झालत्या, खोटं कशाला बोला. आईनं एक खाल्ली आणि “रस्सा कुठाय?” म्हणून विचारलं.

आता जातीचं. पुतण्यानं अण्णांना विचारलंच, हे कुठल्या ब्रीडचं? अण्णा हसले, पण उत्तर दिलं. आधी एक गोष्ट बाहेरच्यांसाठी, आपल्याकडं बकरं म्हटलं की बऱ्याचदा ते मेंढराचं, धनगराची बकरी म्हणजे मेंढरंच की. शेळीच्या नराचं पाहिजे असेल तर बोकडाचं म्हणायचं, नाहीतर पुण्याचे पाहुणे घरी गेल्यावर चरबी बघून तक्रार करतात. बोकडाची चरबी आत गुडद्याभोवती, मांसावर कमी, मेंढराची मांसावर जाड थर धरून. वास त्या चरबीतच असतो, म्हणून अण्णा मेंढराचा जाड थर विचारून काढतात. लटकवलेल्या जनावराची शेपटी ठेवलेली असते ती बघायची, शेळीची आखूड आणि वर वळलेली, मेंढीची खाली लोंबती.

अण्णांकडं बोकड बहुतेक उस्मानाबादी, काळंभोर, नाहीतर गावठी मिक्स. राजस्थानकडची सिरोही आणि बोअरचं क्रॉस पण येतं म्हणाले. बोअर मूळ दक्षिण आफ्रिकेचं, अंगानं पांढरं, डोकं तांबडं, वजन झपाट्यानं धरतं, पाळणाऱ्याला परवडतं. मेंढरात घोंगडीवालं काळं दख्खनी, आणि कधीतरी जतकडचं माडग्याळी, ते पोपटासारख्या बाकदार नाकाचं, पण त्यातले चांगले नर आटपाडीच्या बाजारात लाखांत जातात, ते काय सत्तुराखाली येत नाहीत.

आणि मग अण्णांनी जे सांगितलं ते मला पटलं, “जात बगू नगासा, दात बगा.” आदात म्हणजे दुधाचेच दात असलेलं, किंवा फार तर दोन दाती, साधारण सव्वा-दीड वर्षाचं, त्याच्या पुढं मांस गडद आणि त्याचा दोरा (धागा) जाड. पुतण्या गप्पच झाला. वाग्यूचं समजू शकतो, त्या जातीत स्नायूच्या आतच चरबीची जाळी बसते आणि वर महिनोन् महिने दाणा घालतात, म्हणून तिथं जातीला एवढा भाव. बोकडात ती जाळी जवळजवळ नसतेच, मग जातीपेक्षा वय जास्त बोलतं. अजून एक फरक, तिकडं बीफ थंड खोलीत तीन-चार आठवडे लटकवून मुरवतात, आतली एन्झाइमं ते मऊ करतात. अण्णांना हे सांगितलं तर म्हणाले, आमी तीन तास ठेवलं तर लोक विचारत्यात शिळं हाय का.

तक्रारी पण लिहितो. बोनलेस मागितलं की अण्णांचं तोंड वाकडं होतं. खिमा हातानं सुरीनं करतात, मशीन नाही, त्याची चव वेगळीच, पण रविवारच्या गर्दीत मागितला तर मागची लाईन तुम्हाला शिव्या घालते, तो बुधवारी नाहीतर शुक्रवारी घ्या. होम डिलिव्हरी नाही. उभं राहायला सावली नाही. दर पाटीवर खडूनं लिहिलेला असतो, त्यात घासाघीस नाही, २०१९ च्या शेवटी मटणाच्या दरावरनं गावात जे आंदोलन झालं त्याचं नाव काढलं की अण्णा सत्तूर जरा जोरात मारतात.

रविवारी सातच्या आत जावा, नऊनंतर सीना संपलेला असतो आणि नळ्या तर ओळखीच्यांच्या बाजूला काढून ठेवलेल्या. मुंडी, रक्ती (रक्त), वजडी (पोट-आतडी) पाहिजे असेल तर आदल्या दिवशी सांगून ठेवायचं. वजडी साफ करून मिळते पण घरी परत एकदा गरम पाण्यातनं काढाच, आमच्यात ते काम माझ्याकडं आहे.