मुरबाडच्या गावच्या घरावर २ किलोवॅट सोलर: वर्षभराचा हिशोब, आणि लाईट गेल्यावर काय होतं

गेल्या फेब्रुवारीत गावच्या घरावर सोलर बसवलं. घर मुरबाड तालुक्यात, सरळगावच्या पुढे, आई-बाबा तिथे राहतात आणि मी ऐरोलीला, शनिवार-रविवार जाऊन येऊन असतो. वर्ष झाल्यावरच लिहायचं ठरवलं होतं कारण पहिल्या महिन्यात बिल बघून सगळेच खुश असतात, आपल्याकडचा पावसाळा एकदा डोक्यावरून गेला की मग कळतं काय घेतलंय ते.

व्हेंडर कल्याणचा, छोटी फर्म आहे, नाव देत नाही कारण थोडं वाईटही लिहायचंय. सिस्टीम २ किलोवॅट ऑनग्रिड, म्हणजे बाहेरच्या लाईनला जोडलेली, बॅटरी नसलेली, ५४० वॅटचे ४ पॅनल, कोटेशन १ लाख ४० हजार, सबसिडी ६० हजार खात्यात आली, म्हणजे खिशातून ८० हजार गेले. पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार मिळतात आणि तिसऱ्याला फक्त १८ हजार, त्यानंतर कितीही मोठं बसवा, ७८ हजारच्या वर एक रुपया नाही. हा तिसऱ्या किलोवॅटचा मुद्दा नीट लक्षात ठेवा, कारण व्हेंडर सगळ्यांना ३ किलोवॅटच सांगतात, मलाही तेच सांगितलं, "दादा, पूर्ण सबसिडी सोडताय तुम्ही" असं तीन वेळा फोन करून. आमच्याकडे महिन्याला सरासरी १७० युनिट लागतात. ३ किलोवॅट महिन्याला ३०० च्या वर बनवतं. उरलेल्या युनिटचं करायचं काय? ती पुढच्या महिन्यात जमा होतात हे खरं, पण आर्थिक वर्ष संपताना त्यांचा हिशोब होतो आणि आपण वीज घेतो त्या दरापेक्षा खूपच कमी दराने पैसे मिळतात. छतावर वीज पिकवून विकायचा धंदा गावच्या घराला परवडत नाही, स्वतः वापराल तेवढीच कमाई.

आता बिलातल्या स्लॅबचं, म्हणजे दराच्या टप्प्यांचं गणित, जे मला एकाही व्हेंडरने सांगितलं नाही, मी बिल समोर ठेवून काढलं. पहिल्या १०० युनिटला वहन आकार (वीज घरापर्यंत आणण्याचे पैसे) धरून साधारण ६ रुपये पडतात, १०१ ते ३०० ला ११ च्या आसपास, वर वीज शुल्क वेगळं. म्हणजे ऐरोलीच्या फ्लॅटमध्ये दोन एसी लावून ज्याचं ३०० युनिट बिल येतं त्याचं सोलर ११ रुपयाची वीज वाचवतं, आणि गावात ज्याचं ९० युनिट येतं त्याचं सोलर फक्त ६ रुपयाची वाचवतं. पॅनल तेच, खर्च तोच, पैसे वसूल व्हायला लागणारी वर्षं मात्र वेगळी. आमच्या १७० मधली वरची ७० युनिट महाग, ती पहिल्या किलोवॅटनेच संपली, दुसऱ्याने स्वस्तातली संपवली, तिसरा बसवला असता तर त्याला कामच नव्हतं. खरं सांगायचं तर १ किलोवॅटमध्येही आमचं बरंच भागलं असतं, पण मे महिन्यात सगळी भावंडं पोराबाळांसकट गावी असतात, फ्रिज दोन चालतात, म्हणून २ घेतला आणि त्याचं वाईट वाटत नाही.

अर्ज करण्याआधी एक काम करा, लाईट बिलावर नाव कोणाचं आहे ते बघा. आमचं आजोबांच्या नावावर होतं, ते जाऊन १४ वर्षं झाली, गावात निम्म्या घरांचं असंच आहे, कोणी बदलायला जात नाही कारण बिल भरलं जातंय ना. पण सबसिडीला बिल, आधार आणि बँक खातं एकाच नावाचं लागतं. मग ग्रामपंचायतीतून नमुना ८ चा, म्हणजे घराच्या नोंदीचा उतारा काढा, वारसांची संमती घ्या, आत्या नाशिकला तिची सही आणा, यात दीड महिना गेला. सोलर बसायला फक्त दोन दिवस लागले, हे लक्षात घेऊन नावाचं काम आधी उरकून ठेवा.

बसवण्याबद्दल. आमचं पुढचं घर कौलारू आणि मागे स्वयंपाकघर अन् एक खोली स्लॅबची, पॅनल त्या स्लॅबवर, तोंड दक्षिणेला. व्हेंडरची तीन पोरं होती, त्यातला एक शहापूरचा, वायरिंग इतकं नीट केलं की बाबांनी दोनदा वर जाऊन बघितलं, सगळ्या वायरी पाईपमधून, अर्थिंगचे तीन वेगळे खड्डे, एक डीसीचा, एक एसीचा, एक आकाशातली वीज जमिनीत नेणाऱ्या वीजरोधकाचा, आणि तिन्ही खड्डे माझ्यासमोर खणले. शेजारच्या वाडीत एका घरी एकाच खड्ड्यात तिन्ही वायरी सोडलेल्या मी बघितल्यात, तसं करू देऊ नका, वळवाच्या पावसात आपल्याकडे विजा कशा पडतात ते मुरबाडवाल्यांना सांगायला नको.

पण स्लॅबला त्यांनी सरळ ड्रिल मारून फास्टनर ठोकले. मी त्यादिवशी दुपारनंतर पोचलो, तोपर्यंत आठ भोकं पडली होती. विचारलं तर बोलले केमिकल भरलंय, काही होत नाही. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला आणि आईचा फोन, चुलीच्या बरोबर वर ठिपकतंय, पातेलं लावलंय. मग फोनवर फोन, "उद्या माणूस पाठवतो" असं ११ दिवस चाललं, शेवटी मी कल्याणला त्यांच्या ऑफिसात जाऊन बसलो तेव्हा माणूस आला. काम चांगलं केलं, सगळ्या पायांभोवती सिमेंटचे कट्टे बांधून वॉटरप्रूफिंग केलं, पैसे मागितले नाहीत, पण आईने ते ११ दिवस पातेलं बदलत काढले याचा राग अजून आहे. तुम्ही आधीच सांगा, स्लॅबला भोक नको, सिमेंटच्या वजनाच्या ठोकळ्यांवर स्ट्रक्चर उभं करा, आणि ते कोटेशनमध्ये लिहून घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसलोय. लाईट गेल्यावर सोलर चालत नाही. ऑनग्रिड सोलर चालत नाही, भर उन्हात पण नाही. आम्हाला विकताना त्या सेल्सवाल्या पोराने ओट्यावर बसून बाबांना स्पष्ट सांगितलं होतं की "काका, आता लाईट गेली तरी तुमच्याकडे लाईट", आणि बाबांनी होकार दिला तो याच वाक्यावर दिला, बिलावर नाही. गावातल्या माणसाचं दुखणं बिल नाहीच आहे, १६०० रुपये बिल बाबा निमूट भरत होते, दुखणं आहे ते तारेवर फांदी पडली की सहा-सहा तास येत नाही ते. मार्चमध्ये पहिल्यांदा दुपारी एकला लाईट गेली, बाबा ओट्यावर, वर चारही पॅनल चकाकतायत आणि घरातला पंखा बंद. मला फोन केला, "काय रे, एवढं ऊन पडलंय आणि पंखा का बंद पडला?" मी व्हेंडरला विचारून मग बाबांना समजावलं की लाईन गेली म्हणून वायरमन खांबावर चढलेला असतो, त्याच वेळी आपल्या छतावरून उलटा करंट तारेत गेला तर त्याच्या जिवावर बेतेल, म्हणून मेनची लाईट गेली की सोलरचा इन्व्हर्टर (पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणारी पेटी) स्वतःहून बंद होतो. बाबा थोडा वेळ गप्प राहिले आणि बोलले, "मग राहू दे बंद." आमच्या आळीतलाच एक मुलगा वायरमनचं काम करतो. पण विकणाऱ्याला हे माहीत होतं आणि त्याने सांगितलं नाही, यात मला काडीचीही सूट द्यावीशी वाटत नाही.

यावर उपाय दोन. एक म्हणजे हायब्रीड, म्हणजे सोलरलाच बॅटरी जोडता येते असा इन्व्हर्टर आणि लिथियम बॅटरी, मला त्याचं कोटेशन जवळपास दुप्पट आलं, सोडून दिलं. दुसरा, जो आम्ही केला, सोलर तसंच ठेवायचं आणि घरात साधा जुन्या पद्धतीचा इन्व्हर्टर आणि १५० एएचची ट्युब्युलर बॅटरी वेगळी बसवायची, २४ हजारात झालं. बॅटरी लाईट असताना चार्ज होते. तिच्यावर फक्त दोन पंखे, चार एलईडी बल्ब आणि मोबाईल चार्जिंग, बाकी काही नाही, फ्रिज नाही, मिक्सर नाही. पंखे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे घेतले, ते ३० वॅट खातात, जुना पंखा ७५ वॅट खायचा, दिवसाला १५ तास धरले तर एका पंख्यामागे महिन्याला २० युनिट तिथेच वाचतात. सगळं मिळून लोड १०० वॅटच्या आत, बॅटरी आठ-नऊ तास खेचते, म्हणजे रात्र निघते. जुलैमध्ये दीड दिवस लाईट नव्हती तेव्हा दुसऱ्या दिवशी दुपारी बॅटरी संपली, पण ती पहिली रात्र आईला अंधारात काढावी लागली नाही, विंचूकाट्याचे दिवस असतात ते.

पावसाळ्याचे आकडे. सोलरच्या इन्व्हर्टरच्या ॲपला वायफाय लागतं, गावात ते नाही, म्हणून बाबा रोज संध्याकाळी इन्व्हर्टरवरचा आकडा बघून कालनिर्णयवर त्या दिवसाच्या चौकोनात पेन्सिलने लिहितात, अमावस्या-एकादशीच्या बाजूला ९.४, ९.१, ८.८ असं. मार्च-एप्रिलला दिवसाला ९ ते १० युनिट. जुलैमध्ये सरासरी ४ च्या जरा वर, त्यात काही दिवस नुसते दीड-दोनचे, डोंगरावर ढग उतरला की दिवसभर दिवा लावायला लागतो तसे. डिसेंबरला परत साडेसात. वर्षाची बेरीज साधारण २७०० युनिट आली. कडक ऊन म्हणजे जास्त वीज असंही नसतं, पॅनल तापला की वीज उलट कमी होते, आमच्याकडे मेपेक्षा मार्च चांगला निघाला.

धुण्याबद्दल व्हेंडर सांगतात महिन्यातून दोनदा, पण आमच्या भागात दिवाळीनंतर वीटभट्ट्या पेटतात आणि काचेवर जी काळपट भुकटी बसते ती नुसत्या वाऱ्याने जात नाही, जानेवारीत आठ दिवस धुतलं नव्हतं तर कालनिर्णयवरचा आकडा ८ वरून पावणेसातवर आला होता, धुतल्यावर दुसऱ्या दिवशी परत ८. सकाळी ऊन चढायच्या आत धुवा, तापलेल्या काचेवर गार पाणी नको. बोअरचं पाणी वापरलं तर पांढरे डाग राहतात, आम्ही विहिरीचं वापरतो, लांब दांड्याचा कापडी मॉप, घासणी अजिबात नाही. आणि चारनंतर आंब्याची सावली एका पॅनलवर येते, एकावर आली तरी ओळीतल्या सगळ्यांना ओढते, व्हेंडर बोलला फांदी तोडा, आई बोलली तो पायरी आहे, हात लावायचा नाही. नाही तोडली, पॅनल तीन फूट सरकवून घेतले.

बिल आता सोलर चांगलं चालतं त्या महिन्यात दीडशेच्या आसपास येतं. "बिल झिरो" असं कोणी सांगितलं तर स्थिर आकाराचं विचारा, तो वीज वापरा न वापरा दर महिन्याला लागतो, सुटत नाही. जुलै-ऑगस्टला मात्र तीन-चारशे आलं. वर्षाला साधारण साडेसोळा हजार वाचले, ८० हजार पाच वर्षांत सुटतील, बॅटरीचे धरले तर सव्वासहा, आणि बॅटरी पाच-सहा वर्षांत बदलावी लागणार ते वेगळं. पॅनलच्या वीजनिर्मितीची वॉरंटी २५ वर्षांची आहे, सोलरच्या इन्व्हर्टरची आमची १० ची, काहीजण ५ चीच देतात, ते तपासा. सप्टेंबर २०२५ पासून पॅनलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झालाय, तेव्हा माझ्या आकड्यापेक्षा खाली भाव करून घ्या.

व्हेंडरला ५ पैकी ३. वायरिंग आणि अर्थिंगला पूर्ण मार्क, सोलरची कागदपत्रं आणि नेट मीटरचं (घेतलेली आणि लाईनला दिलेली वीज दोन्ही मोजणारं मीटर) सगळं त्यांनीच केलं, त्यासाठी मला एकदाही हेलपाटा पडला नाही. एक मार्क गळतीचा कापला, एक त्या ओट्यावरच्या वाक्याचा.

हे बघून धसईच्या चुलतकाकांनी विचारलं, त्यांना ३ किलोवॅटचं कोटेशन आलं होतं आणि बँकेचं विनातारण कर्ज मिळतंय म्हणून ते सही करायच्या बेतात होते. मी म्हटलं, काका, आधी १२ महिन्यांच्या बिलांचे फोटो पाठवा. ८० युनिट, ८५, ७८, मेमध्ये एकदाच ९६. सगळं सहा रुपयाच्या स्लॅबमध्ये. घरात दोन गाई, म्हणून गोबरगॅसचाही विषय निघाला, पण दोन घनमीटरच्या प्लांटला रोज ५० किलो शेण लागतं, दोन गाईंवर ते होत नाही. मग त्यांना विचारलं की तुम्हाला नक्की कशाचा त्रास होतोय, तर बोलले बिलाचं काही नाही रे, तुझी काकी रात्री उकाड्याने झोपत नाही लाईट गेली की. त्यांनी सोलरचा फॉर्म बाजूला ठेवला, दोन बीएलडीसी पंखे गेल्या रविवारी मुरबाडच्या बाजारातून घेतले, बॅटरी-इन्व्हर्टर भात विकल्यावर घेणार आहेत.