बोसूवर स्क्वॉट की जमिनीवर?

जिमच्या कोपऱ्यातला तो निळा अर्धा चेंडू, म्हणजे बोसू, दिसला की त्यावर चढून डंबेल उचलायचा मोह होतोच. पाय लटपटतात, दोन मिनिटांत घाम फुटतो आणि वाटतं, खरा व्यायाम हाच! पण हा घाम तोल सांभाळण्याचा असतो.

ताकद वाढवायची तर स्नायूवर हळूहळू वजन चढवत न्यावं लागतं. खालचा आधार डोलला की शरीराला आधी पडण्याची काळजी. मग सांध्याच्या दोन्ही बाजूंचे स्नायू एकदम आवळले जातात आणि वजन ढकलायला फारसं काही उरत नाही. कॅनडातल्या अँडरसन आणि बेम या संशोधकांनी २००४ साली हे मोजून दाखवलं. बाकाऐवजी स्विस बॉलवर, म्हणजे हवा भरलेल्या मोठ्या चेंडूवर, पाठ टेकून चेस्ट प्रेससारखा (छातीसमोर ढकलण्याचा) जोर लावला, तेव्हा तो जोर सुमारे ६० टक्क्यांनी घटला. स्नायूंची विद्युत सक्रियता, म्हणजे ते किती राबतायत याची खूण, मात्र जवळपास तेवढीच राहिली. दमणूक पुरेपूर, काम निम्म्याहून कमी.

आणखी एक प्रयोग २००७ चा, अमेरिकेतल्या कॉलेजच्या फुटबॉलपटूंवरचा (सॉकरच्या). नेहमीच्या सरावातले पायांचे काही व्यायाम एका गटाने दहा आठवडे हवा भरलेल्या चकत्यांवर केले, दुसऱ्याने जमिनीवर. जमिनीवाल्यांची उडी सुधारली, चकतीवाल्यांची जवळपास होती तिथेच राहिली. धावण्याचा वेग दोघांचाही वाढला, पण जमिनीवाल्यांचा जास्त.

‘पण पोटा-पाठीच्या स्नायूंसाठी तरी?’ जड स्क्वॉट आणि डेडलिफ्टमध्ये पाठीच्या स्नायूंना भरपूर काम मिळतं, त्यासाठी वेगळा चेंडू लागत नाही. सांधा दुखतोय आणि वजन उचलायची मनाई आहे, तेव्हा मात्र चेंडूवरचे हलके व्यायाम कामाला येतात.

डोलत्या पृष्ठभागाची बाजू खरी भक्कम होते ती मुरगळलेल्या घोट्यापाशी. नेदरलँड्सच्या व्हॉलीबॉलपटूंनी मोसमभर बॅलन्स बोर्डवर, म्हणजे डोलणाऱ्या फळीवर, सराव केला, तेव्हा आधी घोटा मुरगळलेल्यांमध्ये तो पुन्हा मुरगळण्याचं प्रमाण कमी झालं. मात्र ज्यांच्या गुडघ्याला पूर्वी इजा झाली होती, त्यांच्यात गुडघ्याच्या अतिताणाच्या तक्रारी वाढल्या. ही दुसरी बाजू सहसा कुणी सांगत नाही.

तेव्हा घोटा वारंवार मुरगळत असेल, तर फिजिओथेरपिस्टला विचारून बॅलन्स बोर्ड घ्या. ताकद हवी असेल तर बारबेल घ्या आणि जमिनीवर उभे राहा. दोन्ही हवं असेल, तर जड स्क्वॉट आधी उरकून शेवटची पाच मिनिटं बोर्डला द्या, तीही रिकाम्या हाताने.