कॅथोलिक शाळेत आमचा मुलगा: साताऱ्यातला जूनपासूनचा अनुभव

ज्यांना फक्त निकाल हवाय त्यांच्यासाठी आधी तोच सांगते. आमच्या गे मुलाची शाळा बदलल्याचा फायदा झाला. मुलगा रोज शाळेत जातो, सोमवार आला की पोटात दुखायचं ते थांबलंय, रविवारी मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) उठवावं लागत नाही. शाळेत कमी काय आहे तेही खाली लिहिणार आहे. शाळेचं नाव मात्र देणार नाही. सातारा एवढंसं गाव, पोवई नाक्यावर उभं राहिलं की दहा ओळखीचे भेटतात. नाव दिलं तर पोरगं कोणाचं ते कळायला वेळ लागायचा नाही. त्याची परवानगी घेऊनच लिहितेय. त्याने वाचून काही वाक्यं काढायला लावली, ती काढलीत.

आम्ही मराठी कॅथोलिक, मूळचे श्रीरामपूर तालुक्यातले. सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीच्या यात्रेला जाणं घरात कधी चुकत नाही. मिस्टरांच्या नोकरीमुळे साताऱ्यात आलो. मुलगा आता आठवीत आहे. सातवीत असताना दिवाळीच्या सुट्टीत त्याने आम्हाला सांगितलं की त्याला मुलगे आवडतात. आम्हाला हे कळायच्या आधीच शाळेतल्या पोरांनी त्याच्यावर शिक्का मारून ठेवला होता. चालण्यावरून, आवाजावरून, हातवाऱ्यांवरून. 'मामू', 'बायल्या', आणि इथे लिहिता येणार नाहीत असे शब्द. तक्रार घेऊन गेलो तर तिथले वर्गशिक्षक म्हणाले, "त्याला जरा मैदानावर पाठवत जा, मुलासारखा राहायला शिकेल." त्यानंतर त्या शाळेत ठेवायचा प्रश्नच उरला नाही.

कॅथोलिक शाळाच का, असं नात्यातल्यांनी आणि मैत्रिणींनी सगळ्यांनी विचारलं. "तिथे तर आणखी छळतील" हे तर कितीदा ऐकलं. पण मुलगा चर्चमध्ये वेदीसेवक (उपासनेत धर्मगुरूंना मदत करणारा) आहे आणि त्याला ते मनापासून आवडतं. पुढे त्याला दृढीकरण (कन्फर्मेशन, श्रद्धा पक्की करणारा चर्चचा संस्कार) घ्यायचंय. 'तू असा आहेस म्हणजे तुझा इथे संबंध नाही' हे त्याने चौदाव्या वर्षी मान्य करून बाजूला व्हावं, हे मला पटत नव्हतं. त्याला दोन्ही हवंय आणि दोन्हीवर त्याचा हक्क आहे. म्हणून शोध तसाच घेतला.

इंटरनेटवर शोधलं की सगळं अमेरिकेतलं येतं. मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरच्या बिशपांनी २०२२ मध्ये एका शाळेचा 'कॅथोलिक' म्हणवून घ्यायचा अधिकार काढून घेतला, कारण शाळेने इंद्रधनुषी झेंडा आणि 'ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर'चा झेंडा उतरवायला नकार दिला. वाचून जीव घाबरा होतो, पण आपल्याकडे उपयोग शून्य. इथे झेंड्याचा प्रश्नच नाही. मी चौकशी केलेल्या एकाही शाळेच्या नियमावलीत गे मुलांचा उल्लेख बाजूनेही नाही आणि विरोधातही नाही. त्यामुळे लेखी धोरण शोधत बसू नका. माणसं पाहावी लागतात.

त्याआधी शाळा चालवतं कोण हे नीट विचारून घ्या. बोर्डावर 'सेंट' लिहिलंय आणि इमारतीवर क्रॉस आहे म्हणून ती चर्चची शाळा असेलच असं नाही. कुठली धर्मप्रांताची (बिशपांच्या अखत्यारीतल्या भागाची) असते, कुठली सिस्टरांच्या किंवा फादरांच्या संस्थेची, कुठली प्रोटेस्टंट मिशनची, आणि कितीतरी खाजगी ट्रस्टच्या. हे महत्त्वाचं अशासाठी की उद्या मुख्याध्यापकांशी पटलं नाही तर वर दाद मागायला कोण आहे, ते यावरून ठरतं. संस्थेच्या शाळेत वर प्रोव्हिन्शियल (संस्थेचे प्रांतप्रमुख) सिस्टर किंवा फादर असतात, धर्मप्रांताच्या शाळेत बिशप हाऊस असतं. सातारा पुणे धर्मप्रांतात येतो. खाजगी ट्रस्टच्या शाळेत ट्रस्टीच सगळं. पाचगणीच्या बोर्डिंगचाही विचार झाला, पण रात्री डॉर्मिटरीत मुलांजवळ कोण असतं या प्रश्नाला "वॉर्डन आहेत ना" याच्यापुढे उत्तर मिळेना. तो विषय तिथेच बंद केला.

आता मुलाखतीबद्दल. या भागावर वेळ घालवा, कारण पुढचं सगळं इथे ठरतं. "तुम्ही अशा मुलांना घेता का" असं विचारू नका. "सगळी लेकरं देवाचीच" हे उत्तर प्रत्येक ठिकाणी मिळतं आणि त्यातून काहीच कळत नाही. मी विचारायचे, "वर्गात कोणी त्याला बायल्या म्हटलं, तर त्या दिवशी शाळा सुटायच्या आत तुम्ही काय करता?" एका ठिकाणी उत्तर आलं, "आमच्याकडे असं होतच नाही." चहा घेऊन निघालो. आताच्या शाळेतल्या सिस्टर मंगळूरकडच्या, मराठी तोडकं पण नेमकं. त्यांनी क्षणभर विचार केला आणि सांगितलं, "त्याच दिवशी दोन्ही घरी फोन. डायरीत नोंद. परत झालं तर पालक माझ्यासमोर." मग त्यांनीच मला विचारलं, "हे शाळेत कोणाकोणाला कळलेलं त्याला चालेल?" हा प्रश्न दुसऱ्या कुठल्याही शाळेत कोणी विचारला नव्हता. ठरलं ते असं: त्या स्वतः, क्लास टीचर आणि कौन्सेलर मॅडम. स्टाफरूममध्ये चर्चा नाही.

आणखी एक गोष्ट त्यांनी तेव्हाच स्पष्ट केली. "चर्चची शिकवण मी बदलू शकत नाही, वर्गात वेगळी सांगणारही नाही. पण माझ्या शाळेत त्याला कोणी कमी लेखणार नाही." गोड बोलून वेळ मारून नेणं त्यांना सोपं होतं. तसं त्यांनी केलं नाही, म्हणून माझा विश्वास बसला.

शिकवणीबद्दल इथे थोडं लिहिते, कारण कॅथोलिक पालकांना घरात याच प्रश्नाला तोंड द्यावं लागतं. कॅटेकिझममध्ये, म्हणजे चर्चच्या शिकवणीच्या अधिकृत ग्रंथात, परिच्छेद २३५७ ते २३५९ या विषयावर आहेत. २३५७ मध्ये समलैंगिक संबंधांना चर्चचा नकार आहे, शब्द कठोर आहेत, आई म्हणून ते वाचताना त्रास होतो. पण लगेच पुढे २३५८ मध्ये आहे की अशा व्यक्तींना आदराने, करुणेने आणि संवेदनशीलतेने स्वीकारावं आणि त्यांच्याबाबत अन्याय्य भेदभावाची कुठलीही खूण टाळावी. लोक पहिला परिच्छेद तोंडपाठ सांगतात, दुसरा आहे हेच पुष्कळांना माहीत नसतं. मी तिन्ही छापून पर्समध्ये ठेवले होते. २०१३ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने समलैंगिक संबंध गुन्हा ठरवणारं कलम ३७७ पुन्हा लागू केलं, तेव्हा मुंबईचे आर्चबिशप कार्डिनल ओसवाल्ड ग्रेशियस यांनीही सांगितलं होतं की चर्चने समलैंगिकांना कधी गुन्हेगार मानलं नाही. त्याच बोलण्यात समलैंगिक विवाहाला चर्चचा विरोध असल्याचंही त्यांनी म्हटलं होतं. ते कलम पुढे ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं रद्द झालं.

मिस्टरांना मात्र या कशापेक्षा पोप फ्रान्सिस यांचं २६ जानेवारी २०२२ चं बोलणं लागू पडलं. संत योसेफावरच्या प्रवचनमालेत ते अडचणीतल्या आईवडिलांबद्दल बोलत होते. मुलांचा लैंगिक कल वेगळा दिसला तर निषेधाच्या आड लपू नका, मुलांना साथ द्या, असा त्याचा आशय. हे मिस्टरांनी मोबाइलवर कितीतरी वेळा वाचलं. नंतर चर्चच्या आवारात आमच्या धर्मगुरूंशी स्वतः जाऊन बोलले. मला न सांगता.

प्रत्यक्ष कसोटी ऑगस्टमध्ये लागली. पीटीच्या तासाला पाण्याच्या टाकीजवळ नववीतला एक मुलगा आमच्या मुलाच्या मागे मागे, त्याच्यासारखं चालून दाखवत होता आणि बाकीचे हसत होते. पीटीच्या सरांनी पाहिलं. त्यांनी खेळ थांबवला, त्या मुलाला बाजूला घेतलं आणि सरळ ऑफिसात नेलं. दुपारी मला फोन आला, मुलगा घरी पोहोचायच्या आत. नंतर सिस्टरांनी मला नोंद दाखवली: 'सहविद्यार्थ्याची चालण्याची नक्कल करून टिंगल केली.' एवढंच. आमचा मुलगा कोण, कसा, याबद्दल एक अक्षर नाही. ही नोंद कोणाच्याही हाती पडली तरी त्याचं काही बिघडणार नाही, हे त्या लिहिणाऱ्याने लक्षात ठेवलं होतं. त्या मुलाचे वडील आले, "पोरं आहेत, चेष्टा चालायचीच" म्हणाले. सिस्टर म्हणाल्या, "बाहेर चालत असेल. इथे नाही." तो नववीतला पोरगा आठवडाभर खाली मान घालून होता, मग दोघं एकाच संघात व्हॉलीबॉल खेळले. मैत्री झाली नाही, व्हायची गरजही नाही.

दाद मागायची वेळ आली तर शिक्षण हक्क कायदा २००९ चं कलम १७ लक्षात ठेवा. त्यात मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला मनाई आहे. पण हा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालानुसार अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना तो लागू नाही, त्यामुळे चर्चच्या शाळेत त्यावर विसंबू नका.

आता कमी काय ते. शाळेत कॅथोलिक मुलांना धर्मशिक्षण आणि बाकीच्यांना मूल्यशिक्षण असा तास असतो. धर्मशिक्षणाला बाहेरून येणाऱ्या एका शिक्षकांनी नोव्हेंबरात बायबलमधल्या सदोम नगरीचा (पापामुळे देवाने नष्ट केलेल्या, समलैंगिकतेविरुद्ध ज्याचा दाखला देतात त्या गावाचा) विषय काढला आणि जे बोलले ते ऐकून मुलगा घरी येऊन जेवला नाही. मी दुसऱ्याच दिवशी गेले. सिस्टरांनी त्यांना बोलावून आठवीला हा विषय घ्यायचा नाही असं सांगितलं. त्यांनी तो परत काढला नाही, पण झालं ते चुकलं असंही कधी म्हणाले नाहीत. मुलगा त्या तासाला अजून शेवटच्या बाकावर बसतो. इथे शाळा कमी पडली असं माझं स्पष्ट मत आहे. वर्गाचे शिक्षक निवडताना घेतलेली काळजी धर्मशिक्षणाच्या शिक्षकांबाबत घेतलेली नाही, आणि आमच्यासारख्या घरात त्यांच्याच शब्दाला जास्त वजन असतं.

कौन्सेलर मॅडम चांगल्या आहेत, पण आठवड्यातून एकदाच येतात. सुरुवातीला त्या पॉक्सोला (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांविरुद्धच्या कायद्याला) घाबरत होत्या. मुलगा अठराच्या आतला, त्याच्याशी या विषयावर बोललं तर वर कळवावं लागेल का, अशी त्यांना धास्ती. ती सक्ती लैंगिक गुन्ह्यांबाबत आहे, मुलगा स्वतःबद्दल मोकळं बोलला तर त्यात कळवण्यासारखं काही नाही, हे नीट बोलून घेतल्यावर त्या मोकळ्या झाल्या. 'बदलवून देतो' असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. कोणी म्हणालं तर तिथून उठा. अशा उपचारांना राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवलंय. मॅडम नसतात त्या दिवसांसाठी टेली मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आणि चाइल्डलाइनचा १०९८ मुलाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय. पालकांसाठी मुंबईत सुरू झालेला 'स्वीकार' हा गट आहे, तिथल्या आया माझ्याशी जे बोलल्या ते सख्ख्या बहिणीला जमलं नव्हतं.

ट्रान्सजेंडर मुलांच्या पालकांना मी हीच शाळा सुचवू का? आत्ता तरी नाही. गणवेश मुलींना स्कर्ट, मुलांना पँट, केसांचे नियम कडक, स्वच्छतागृहं दोनच प्रकारची, आणि याबद्दल विचारलं तर "तशी वेळ आली नाही" असं ऐकायला मिळालं. सरकारमान्य शाळेने ट्रान्सजेंडर विद्यार्थ्यांना भेदभाव न करता शिक्षण आणि खेळ द्यायचे, असं २०१९ च्या ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्क संरक्षण कायद्याच्या कलम १३ मध्ये आहे. शाळेला ते माहीत नव्हतं. मी छापून दिलंय, सिस्टरांनी ठेवून घेतलंय.

सगळ्यात मोठी काळजी बदलीची. सिस्टरांच्या संस्थांमध्ये काही वर्षांनी बदली होतेच, आणि आत्ताचं सगळं या एका बाईंच्या समजूतदारपणावर उभं आहे. नवीन येणाऱ्या कशा असतील कोण सांगणार? म्हणून जानेवारीत मी सिस्टरांना विनंती केली की जूनमध्ये जे ठरलं ते कागदावर घ्या. आधी त्या कचरल्या. मग क्लास टीचर आणि सुपरवायझर मॅडमना समोर बसवून त्यांनी लिहून घेतलं: टिंगल झाली तर त्याच दिवशी कारवाई, माहिती ठरलेल्या तिघांपुरतीच, मुलाला न विचारता घरच्यांशिवाय कोणाशी बोलायचं नाही. कारण कुठेही लिहिलेलं नाही, 'विद्यार्थ्याच्या हितासाठी' एवढंच आहे. खाली सही, शाळेचा शिक्का, एक प्रत आमच्याकडे. प्रवेश घेतानाच हे करून घ्या, तेव्हा शाळाही उत्साहात असते.

नववीचा फॉर्म मुलाने स्वतः भरलाय. जूनमध्ये नवीन सिस्टर आल्या तर पहिल्याच आठवड्यात ती प्रत घेऊन भेटायला जाणार आहे. त्या काय म्हणाल्या ते इथेच खाली जोडेन.