नागपूरच्या उन्हात मिरीला आधार कोणत्या झाडाचा?

विदर्भात मिरी लावायची म्हटलं की चौकशी वाणापासून सुरू होते. पन्नियूर-1 घ्यावी की करीमुंडा? वाण नंतर ठरवता येतो. आधी बघायचं ते आधाराचं झाड, आणि त्यातही एकच गोष्ट: एप्रिल-मेमध्ये त्याच्यावर पान असतं का?

केरळात आधाराच्या झाडांच्या फांद्या पावसाच्या तोंडावर छाटतात, कारण तिथे चिंता पावसाळ्यातल्या जादा सावलीची. आपल्याकडे वेल मरतो तो नवतप्याच्या, म्हणजे मेअखेरच्या तापत्या नऊ दिवसांच्या, आसपास. मिरीला साधारण 10 ते 40 अंश तापमान आणि दमट हवा मानवते; नागपुरात मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो आणि वाराही कोरडा असतो. अशा वेळी उघड्यावरच्या वेलाचे शेंडे जळतात, पानांवर करपलेले पांढुरके डाग पडतात, हवाई मुळ्या सुकून साल सोडतात आणि वेल खाली घसरतो. म्हणून इथे सावली उन्हाळ्यात दाट आणि पावसाळ्यात विरळ हवी. कोणतं झाड या कसोटीला उतरतं, ते पाहू.

सागवान आणि कडुनिंब

धुऱ्यावर (बांधावर) साग आहेच, त्यावर वेल चढवू, हा विचार बहुतेकांच्या मनात येतो. पण होळीपासून मृगापर्यंत साग जवळजवळ बोडका असतो आणि पावसाळ्यात त्याच्या सुपाएवढ्या पानांनी खाली अंधार होतो. म्हणजे मिरीला हवं त्याच्या नेमकं उलट. सालीचे पातळ पापुद्रेही निघतात, त्यामुळे मुळ्यांची पकड टिकत नाही. साग बाद.

निंबाचा पाला फेब्रुवारी-मार्चमध्ये गळतो, पण गुढीपाडव्याला नवी पालवी हजर असते आणि एप्रिल-मेमध्ये झाड भरलेलं असतं. साल खरबरीत, सावली गाळीव, आणि काळ्या चुनखडीच्या जमिनीशी त्याचं वाकडं नाही. अडचण वेळेची आहे. नवीन लावलेला निंब वेल पेलण्याजोगा व्हायला चार-पाच वर्षं घेतो. शिवाय मोठ्या निंबाची मुळं वेलाच्या तोंडचं पाणी पळवतात, म्हणून तिथे खड्डा बुंध्यापासून दोन-तीन फुटांवर घ्यावा आणि वेल दोरीने बुंध्याकडे न्यावा. आधीच उभे असलेले निंब वापरायला उत्तम. मिरीसाठी म्हणून मुद्दाम निंब लावायचा असेल तर धीर हवा.

गिरिपुष्प आणि पांगारा

पांगारा हा मिरीचा जुना सोबती. फांदीपासून लागतो, नत्र स्थिर करतो. पण होळीच्या सुमारास तो लाल फुलतो तेव्हा अंगावर पान नसतं, आणि 2005 नंतर भारतात पसरलेल्या गाठी करणाऱ्या गांधीलमाशीने केरळातल्या पांगाऱ्यांची वाट लावली. नवी लागवड त्यावर बेतू नये.

गिरिपुष्पही (ग्लिरिसिडिया) न छाटता, कोरडवाहू ठेवलं तर जानेवारी-फेब्रुवारीत पान टाकून फुलतं. मात्र ते छाटणीला ऐकतं, हा त्याचा मोठा गुण. जूनअखेर पाऊस स्थिरावला की पहिली छाटणी, गरज पडली तर ऑगस्टमध्ये दुसरी, आणि त्यानंतर कोयत्याला हात लावायचा नाही. ऑगस्टनंतर फुटलेली कोवळी फांदी ठिबकच्या पाण्यावर पान बराच काळ धरून ठेवते. छाटलेला पाला आळ्यात आच्छादन म्हणून जातो. लावायला दीड-दोन मीटर लांब, मनगटाएवढे जाड दांडे घ्यावेत आणि हातभर खोल गाडावेत; दुसऱ्या पावसाळ्यात वेल लावता येतो. ठिबक नसेल तर मात्र हेही झाड उन्हाळ्यात दगा देतं.

सुबाभूळ चुनखडीत तग धरतं, पाणी दिलं तर हिरवंही राहतं, पण शेंगा पिकू दिल्या की वावरभर त्याचीच रोपं. शेवग्याची साल पकडीला छान, पण लाकूड ठिसूळ: वळवाच्या वादळात फांदी वेलासकट खाली. सिल्व्हर ओक कुर्ग-वायनाडच्या कॉफीमळ्यांत शोभतो; आपल्या भारी, पाणी साचणाऱ्या जमिनीत त्याचा भरवसा नाही. ‘ऑस्ट्रेलियन साग’ म्हणून विकली जाणारी रोपं सागाची नसतात, ती बाभळीच्या कुळातली असतात. ती सदाहरित आहेत हे खरं, पण त्यांतली मँजियम जात आम्लधर्मी जमिनीची. नर्सरीवाल्याला जात विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

आंबा-फणस आणि संत्रा

विहिरीजवळ जुने गावरान आंबे किंवा फणस असतील तर सुरुवात तिथूनच करावी. बारमाही पान, खडबडीत साल, जवळ ओलावा, आणि आधाराचा खर्च शून्य. फक्त आतल्या फांद्या विरळ कराव्या लागतात, नाहीतर वेल वाढत राहतो आणि घोस धरत नाही. अशा सावलीत पन्नियूर-1 नको, तिला उजेड जास्त लागतो, पन्नियूर-5 बरी.

संत्र्याच्या बागेत मिरी हा प्रश्न काटोल-नरखेडकडे हमखास निघतो. उत्तर स्पष्ट आहे: लावू नये. मृग बहार (पावसाळ्याच्या तोंडावरची फुलं) धरणारा शेतकरी मे महिन्यात झाडाला ताण देतो, म्हणजे पाणी तोडतो, आणि नेमकं तेव्हाच मिरीला पाणी हवं. दुसरं कारण बुरशीचं. संत्र्यावर डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) आणणारी आणि मिरीचा वेल आठ-पंधरा दिवसांत लोळवणारी बुरशी, दोन्ही फायटोफ्थोरा गटातल्या. डिंक्या येणाऱ्या बागेत पाणी साचतं हे उघड आहे, आणि साचलेलं पाणी मिरीचा काळ.

सिमेंटचा खांब सावली देत नाही आणि उन्हात तापतो. वर 50 टक्क्यांची हिरवी जाळी टाकायची तयारी असेल तरच त्याचा विचार करावा.

झाड ठरल्यावर

वेल बुंध्याच्या उत्तरेला किंवा ईशान्येला लावावा, म्हणजे दुपारचं ऊन खोड अडवतं. आधारासाठी लावलेल्या नव्या झाडांत 3 × 3 मीटर अंतर, बुंध्यापासून एक फुटावर अर्धा मीटर लांब-रुंद-खोल खड्डा, त्यात शेणखत आणि सोबत 50 ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगाची बुरशी रोखणारी उपकारक बुरशी). काळ्या जमिनीत खड्ड्याऐवजी फूट-दीड फूट उंच वरंबा करून त्यात मुरूम मिसळावा. पोळ्याच्या आसपास ज्या वावरात पाय रुततो, तिथे मिरी जमिनीत लावूच नये. 1 टक्का बोर्डो (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक मिश्रण) पावसाआधी एकदा आणि ऑगस्टमध्ये एकदा फवारावं, बुंध्याशी कॉपर ऑक्सिक्लोराईडचं 0.2 टक्के द्रावण ओतावं. नवं पान पिवळं आणि शिरा हिरव्या दिसल्या की ती चुनखडीमुळे आलेली लोहाची कमतरता. तिथे युरिया वाढवून काही होत नाही, चिलेटेड लोह (चुनखडीतही झाडाला घेता येईल अशा रूपातलं) द्यावं.

पाण्याच्या बाबतीत केरळची शिफारस इथे जशीच्या तशी उचलू नका. तिथे मार्चअखेर पाणी तोडतात, मग पहिल्या पावसाने एकसारखे घोस निघतात. नागपुरात हाच ताण वेलाला झेपत नाही. मेमध्ये मोठ्या वेलाला रोज 8-10 लिटर धरून चला आणि आळ्यात चार बोटं पालापाचोळ्याचा थर ठेवा. जुलैत घोस निघाल्यावर पावसाने आठ-दहा दिवस दडी मारली तर घोस गळतात, तेव्हा तुषार सिंचन कामी येतं.

उत्पन्नाचा हिशेब मांडताना एक लक्षात ठेवा: तीन किलो हिरव्या दाण्यांची जेमतेम एक किलो वाळली मिरी होते. जाहिरातीतले झाडामागचे आकडे ओल्या मालाचे की वाळल्या, हे आधी विचारा. आमच्या मते इथे एकरभर मिरी हा पहिल्या वर्षी घेण्याचा निर्णय नाही. विहिरीकाठच्या झाडांवर वीस-तीस वेल लावा. दोन उन्हाळे निघाले तर पुढचं बघा.

झाडच नसेल तर झुडपी मिरी आहे. ती फळफांदीपासून तयार करतात, तिला आधार लागत नाही, 10 किलो माती मावेल अशा कुंडीत वर्षभरात घोस येतात आणि मे महिन्यात कुंडी उचलून पडवीत ठेवता येते. रोप घेताना एवढं तपासा: पेरांवर हवाई मुळ्या असलेली लांब दोरी दिसली तर ते वेलाचं रोप आहे, झुडपी नाही. कोलुब्रिनम या मिरीच्या जंगली भाऊबंदावर कलम केलेली रोपं मर रोगाला दाद देत नाहीत, पण त्यांना सतत ओल लागते. उन्हाळ्यात चार दिवस गावाला जाणाऱ्याने ती घेऊ नयेत.